क्रेडिट वटणार कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या अंकात 'घरबसल्या पदवी'ची अर्ध्या पानाची जाहिरात होती, आणि तिच्यात खाली बारीक अक्षरात 'क्रेडिट ट्रान्सफरची सोय' असं छापलेलं. क्रेडिट म्हणजे किती शिकलात त्याचं माप, आणि ट्रान्सफर म्हणजे एकीकडचं ते माप दुसरीकडच्या पदवीत धरून घेणं. ते वाचलं आणि हातातला चहा गार झाला, म्हटलं आज पत्र लिहायचंच. कारण याच शब्दांच्या नादाला लागून माझं जवळपास एक वर्ष गेलंय. तुमच्या पेपरवर राग नाही, जाहिरात ती जाहिरात, पण ती वाचून उद्या दुसरी कोणी माझ्यासारखीच पैसे घेऊन पळत जाईल म्हणून हा खटाटोप.

माझं थोडक्यात सांगते. 2009 ला एसवाय बी.कॉम. पास झाले, नापास नाही हां, एकही विषय राहिला नव्हता, पण टीवायचा फॉर्म भरायच्या आधी लग्न ठरलं आणि मी सिडकोत राहायला आले. मग मुलं, मग सासूबाईंचं दुखणं, घरोघरी असतं तेच. आता मुलगी दहावीला आहे आणि मी सातपूरला एमआयडीसीत एका लहान युनिटमध्ये अकाउंट्स बघते, टॅली मी, जीएसटीचं रिटर्न मी, पगारपत्रक मी, पण पोस्टचं नाव 'असिस्टंट', कारण डिग्री नाही. मी ज्याला व्हाउचर कसं लावायचं ते शिकवलं तो मुलगा आज माझा साहेब आहे. आणि नाशिककरांना कळेल असं दुसरं एक दुःख सांगते, 2023 ला पदवीधर मतदारसंघाची निवडणूक झाली तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये जो तो बोटाची शाई दाखवत होता आणि मी आपली सगळ्यांना चहा करत होते.

तर ठरवलं, डिग्री पूर्ण करायची, ऑनलाइन करायची, आणि जुनी दोन वर्षं फुकट जाऊ द्यायची नाहीत. इथेच गाडी घसरली.

कॉलेज रोडवर एका सल्ला देणाऱ्या ऑफिसात गेले. एसी, काचेचं टेबल, टाय लावलेला पोरगा. तो म्हणाला, मॅडम, आता नवीन शिक्षण धोरण आलंय, सगळी क्रेडिट बँकेत जमा होतात, तुमची दोन वर्षं धरली जातील, वरून तुम्ही स्वयंचे, म्हणजे सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे, फुकट कोर्स करून ठेवा, तेही धरले जातील, म्हणजे एका वर्षात डिग्री हातात. साडेतीन हजार रुपये घेतले आणि पावतीवर लिहिलं 'मार्गदर्शन'.

त्यातलं खरं काय आणि खोटं काय ते मला नंतर स्वतः नियम वाचून कळलं. टॅली शिकलेल्या बाईला नियम वाचायला काही जड जात नाही, फक्त वेळ लागतो. क्रेडिट बँक खरी आहे, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2021 मध्ये तिचे नियम काढले, अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स तिचं नाव. डिजिलॉकरमधून खातं निघतं, आता त्यालाच अपार आयडी म्हणतात, 12 आकडी. पण या बँकेत आपण स्वतः जाऊन पैसे भरावे तसं क्रेडिट भरता येत नाही, सर्टिफिकेट आपण कितीही घेऊन जा, जमा करायचं ते फक्त नोंदणी असलेल्या संस्थेनेच. दुसरं म्हणजे 2021-22 च्या आधी केलेल्या शिक्षणाला ही बँक नाहीच. माझी दोन वर्षं तर वार्षिक परीक्षेची, मार्कशीटवर मार्क आहेत, टक्के आहेत, क्रेडिट हा शब्दच नाही. म्हणजे जे खात्यात कधी आलंच नाही ते काढणार कुठून? जुन्या वर्षांवर थेट पुढच्या वर्षाला प्रवेश द्यायचा का नाही हे त्या त्या विद्यापीठाच्या नियमावर असतं, त्याचा आणि क्रेडिट बँकेचा संबंध नाही. हे त्या टायवाल्याला माहीत नव्हतं का? मला वाटतं माहीत होतं.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण सगळं दुसऱ्यावर ढकलणं बरं नाही. मी अॅडमिशन घ्यायच्या आधीच स्वयंवर दोन कोर्स केले. कोर्स खरंच चांगले होते, शिकवणारे प्राध्यापक मोठ्या संस्थांचे, दर आठवड्याला असाइनमेंट. मी रात्री भांडी आवरून अकरा वाजता बसायची, आणि शेवटी परीक्षा मात्र सेंटरवर जाऊन द्यावी लागते, घरी बसून नाही. शिकणं फुकट आहे, परीक्षेची फी वेगळी, एनपीटीईएलच्या, म्हणजे स्वयंवरच्याच आयआयटीवाल्यांच्या, कोर्सला मी हजार रुपये भरले. त्यात असाइनमेंटचे 25 आणि परीक्षेचे 75 मार्क असतात आणि पास व्हायला दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं. मी दोन्हीत पास. सर्टिफिकेट आलं तेव्हा मुलीने देवापुढे ठेवलं. आणि मग मी ज्या विद्यापीठात प्रवेश घेतला, नाव घेत नाही, त्यांनी शांतपणे सांगितलं की तुम्ही हे आमची विद्यार्थिनी नसताना केलंत, आधी परवानगी घेतली नव्हती, आणि हे विषय आमच्या यादीत पण नाहीत, तेव्हा धरता येणार नाहीत. संपलं.

राग आला, रडले पण, पण नियम काढून वाचला तर त्यांचं म्हणणं नियमाबाहेर नव्हतं. स्वयंचा 2021 चा नियम म्हणतो की एका सेमिस्टरच्या कोर्सपैकी 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयंवरून करायला संस्था परवानगी देऊ शकते. देऊ शकते! द्यायलाच पाहिजे असं नाही. जाहिरातीत 40 टक्के छापतात आणि 'देऊ शकते' गाळतात. म्हणजे हा चेक आहे, सही आहे, रक्कम बरोबर आहे, पण वटवायचा का नाही ते समोरच्या काउंटरवर बसलेल्याच्या मनावर. माझे दोन चेक असे कपाटात पडलेत.

नावाचा घोळ तर वेगळाच. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची हौस, माझं आडनावच नाही, पहिलं नावसुद्धा बदललं. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, अपार आयडी निघतो आधारवरून, आणि विद्यापीठाचं पोर्टल म्हणतं नाव जुळत नाही. राजपत्रात नाव बदलल्याची नोंद, मग त्याची कॉपी, मग परत ओटीपी, त्यात नंबर मिस्टरांचा कारण आधारला त्यांचा मोबाईल लिंक, ते ड्युटीवर, ओटीपी येऊन जातो. हसू नका, या एका गोष्टीत माझे पावणेदोन महिने गेले. ज्या बायकांना पुढेमागे शिकायचंय त्यांनी बाकी काही नाही केलं तरी हे काम आज करून ठेवा, फी भरायच्या आठवड्यात नाही.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीला आहे, त्याच्या बायकोने तिकडे हेच सगळं केलं, म्हणून तिला फोनवर विचारलं की तुमच्याकडे कसं चालतं. तिकडे क्लेप नावाच्या परीक्षा आहेत, 34 विषयांच्या, कॉलेज बोर्ड घेतं, दीड तासाचा पेपर, शंभर डॉलरच्या आत फी, पास झालात तर कॉलेज त्या विषयाचं क्रेडिट देतं आणि तो विषय वर्गात बसून करावा लागत नाही. शिवाय खासगी ऑनलाइन कोर्सची तपासणी करून त्याला किती क्रेडिट द्यावं अशी शिफारस करणारी एसीई म्हणून संस्था आहे. मला वाटलं वा, काय सोय आहे! तर ती म्हणाली, ताई, शिफारस म्हणजे शिफारसच, घ्यायचं का नाही ते शेवटी कॉलेजच ठरवतं, आणि बऱ्याच ठिकाणी 120 पैकी शेवटची 30 तरी क्रेडिट त्यांच्याकडेच करावी लागतात. म्हणून ती म्हणे आधी कॉलेज ठरवलं, त्यांच्याकडून कोणता विषय कशाच्या बदल्यात धरणार ते ईमेलवर लेखी घेतलं, आणि मगच परीक्षांना बसली. हीच अक्कल मला साडेतीन हजारात कोणी दिली नाही, ती व्हॉट्सअॅप कॉलवर फुकट मिळाली.

एक गंमत म्हणजे आपल्याकडेही तीन वर्षांच्या पदवीला 120 च क्रेडिट धरतात, पण आपलं एक क्रेडिट म्हणजे अभ्यास धरून 30 तास, आणि तिकडचं साधारण 45 तास होतं. आकडा तोच, नाणं वेगळं. डॉलर आणि रुपया दोन्हीवर 1 लिहिलेलं असतं तसं.

आता मी परत सुरुवात केली ती शेवटाकडून. म्हणजे डिग्री देणार कोण ते आधी. ऑनलाइन पदवी द्यायची परवानगी सगळ्या विद्यापीठांना नसते, यूजीसीच्या डीईबीच्या, म्हणजे दूरशिक्षण विभागाच्या, साइटवर यादी असते, त्यात विद्यापीठ आणि तो कोर्स दोन्ही बघायचे, त्याच वर्षाचे. आता तर प्रवेशाला डीईबी आयडी पण लागतो, तो विद्यार्थ्याने स्वतः काढायचा, एजंटला काढायला देऊ नका. मग हिशोब. क्रेडिट बँकेच्या नियमाने निम्मी क्रेडिट तरी डिग्री देणाऱ्या विद्यापीठातच मिळवावी लागतात, म्हणजे 120 मधली 60 तिथेच गेली. सेमिस्टरला 20 क्रेडिट धरली तर स्वयंवरून फार तर 8, म्हणजे दोन कोर्स, नोकरी करणाऱ्या बाईला तेवढे पुरे. आणि ते दोन कोर्स कोणते तर त्यांच्या यादीतले, ऐच्छिक विषयाच्या जागी बसणारे. मुख्य अकाउंटन्सीच्या जागी बाहेरचा विषय बसवायला सहसा कोणी तयार होत नाही, मी विचारून पाहिलं. स्वयंचे कोर्स जानेवारी आणि जुलैला सुरू होतात आणि विद्यापीठाचं सेमिस्टर पुढेमागे असलं तर रिझल्ट उशिरा येतो आणि मार्कशीटवर तेवढी जागा रिकामी राहते, ते पण आधी विचारायचं. जमा झालेलं क्रेडिट सात वर्षं टिकतं, त्यामुळे मध्ये खंड पडला तरी सगळं बुडत नाही, बायकांसाठी ही गोष्ट मला फार मोठी वाटते, 2009 ला असं काही असतं तर मी आज हे पत्र लिहितच नसते.

आणि एक. कंपनीत कोणीतरी म्हणालं की एवढे खासगी ॲपवरचे कोर्स आहेत, एक्सेलचे, डेटाचे, ते करा ना. करा, शिकायला छान आहेत, मी पण एक केला, पण ते क्रेडिट म्हणून आपोआप कुठेही धरत नाहीत हे डोक्यात ठेवून करा.

संपादक साहेब, माझं मागणं मोठं नाही. नाशिक म्हणजे मुक्त विद्यापीठाचं गाव, 1989 ला गंगापूर धरणाजवळ ते उभं राहिलं आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे वाक्य आमच्या पिढीने एसटी स्टँडवरच्या पाट्यांवर वाचलंय. त्या गावात तरी प्रवेश देणाऱ्या प्रत्येक संस्थेने फॉर्मसोबत मराठीत एक पान द्यावं. आमच्याकडे बाहेरचे हे हे कोर्स धरले जातात, त्या बदल्यात आमचा हा विषय सुटतो, परवानगी या तारखेच्या आत घ्यायची, या मॅडमना किंवा या सरांना भेटायचं. एवढंच. यादी नसेल तर तसं लिहा की आम्ही काहीच धरत नाही, तेही चालेल, निदान कळेल तरी. आणि तुम्ही जाहिरात घेताना 'क्रेडिट ट्रान्सफरची सोय' असं कोणी लिहिलं तर त्यांना ती यादी कुठे मिळेल ते त्याच जाहिरातीत, त्याच टाइपात छापायला सांगाल का? पैसे ते देतात हे मला कळतं, मी अकाउंट्सवालीच आहे.

मी आता एफवायला आहे, पहिल्यापासून. मुलगी म्हणते आई, तू आणि मी बरोबरच बारावी-ग्रॅज्युएशन करू. या वेळी दोन कोर्सची परवानगी आधी मागितली होती, एकाला हो आलंय ईमेलवर, त्याची प्रिंट काढून लॅमिनेट केलीये. दुसऱ्याचं उत्तर अजून आलं नाही, सोमवारी लंच टाइममध्ये परत फोन लावणार आहे.

आपली वाचक,
सिडको, नाशिक
(नाव छापू नये, कंपनीत साहेब पेपर वाचतात.)