‘बेव’ने गणित चुकतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या मुलांच्या पानावरची पदावली (म्हणजे अनेक चिन्हांचं एकत्र गणित) सोडवण्याची ‘युक्ती’ वाचली. ‘कंचेभागुबेव’ (कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) पाठ करा नि त्याच क्रमाने सोडवा, म्हणे. मग ६० − १८ + १२ सोडवून दाखवा. ‘बे’ आधी म्हणून पोरगं १८ + १२ करून ६० मधून ३० वजा करतं आणि ३० लिहून मोकळं होतं. बरोबर उत्तर ५४. बेरीज-वजाबाकीचा मान सारखाच. डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची. भागाकार-गुणाकाराचंही तेच. ही एक ओळ गाळून नुसतं सूत्र छापणं म्हणजे शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांचे हक्काचे गुण घालवणं आहे.

कंसाबद्दल तर ‘आधी सोडवा’ यापलीकडे अक्षर नाही. तयार कंस मुलं सोडवतात हो, अडतात ती कंस कुठे घालायचा तिथे. सीताबर्डीच्या बाजारात ६० रुपये डझनाने ४ डझन संत्री आणि ४० रुपये डझनाने ३ डझन केळी घेऊन ५०० ची नोट दिली, तर परत किती? मांडणी ५०० − (४ × ६० + ३ × ४०), परत १४०. कंस विसरला की ५०० − २४० + १२० = ३८०, म्हणजे केळ्यांचे पैसे फळवाल्यानेच आपल्याला दिले! ही दोन उत्तरं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा, कंस कशाला ते वेगळं सांगावं लागत नाही. वजापुढचा कंस काढला की आतल्या अधिकचं वजा का होतं, तेही इथेच दाखवता येतं: ५०० − २४० − १२०.

तुमच्या नमुन्यात ‘८ × ५ = ४० + ६ = ४६’ छापलंय. म्हणजे ८ × ५ बरोबर ४६? वहीत हीच खोड मोडता मोडत नाही, आणि तुम्ही ती छापून देता! दर ओळीत पूर्ण पदावली लिहायची, जो भाग सोडवायचा त्याखाली रेघ मारायची, बाकीचं चिन्हांसकट जसंच्या तसं खाली उतरवायचं.

छपाईचंही बघा. तिसऱ्या उदाहरणात महिरपी कंस { उघडलाय, तो बंदच नाही. दुसऱ्यातलं वजाचं चिन्ह ओळीच्या टोकाला एकटं पडलंय. शुद्धिपत्र येत्या अंकात द्या, आणि मुलांच्याच पानावर द्या.

— गणिताचा एक शिक्षक, धरमपेठ, नागपूर