सहा बाय चारचा गोल

टोरोंटो
जानेवारीचा दुसरा आठवडा

प्रिय भावा,

परवा व्हिडिओ कॉलवर पोरीनं तुला तिचे आइस हॉकीतल्या गोलरक्षकाचे पॅड दाखवले आणि तू म्हणालास, "एवढी गादी अंगाला बांधल्यावर अडवायचं काय राहिलं? नुसतं उभं राहिलं तरी गोल झाकतोय." ती हसली. पण फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "बाबा, काकापण गोलीच होते ना?" गोली म्हणजे इथल्या भाषेत गोलरक्षक. घरात दुसऱ्या कुणाला नाही तरी तुला हे कळेल, असं तिला वाटत होतं. म्हणून हे लांबलचक पत्र. रागानं लिहीत नाही. आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोल तू नऊ वर्षं सांभाळलास. एकदा नीट सांगितलं तर इथल्या कुणाहीपेक्षा तुलाच हे जास्त समजेल.

तुझा मुद्दा आधी मापातच घेतो. शाहू स्टेडियमवर तुझ्या पाठीशी २४ फूट रुंद, ८ फूट उंच गोल असायचा, म्हणजे १९२ चौरस फूट. इथला गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. फक्त २४ चौरस फूट, तुझ्या गोलाचा बरोबर आठवा हिस्सा. त्यात पॅड, छातीचं चिलखत, एका हातात झेलायचा ग्लव्ह, दुसऱ्या हातात ब्लॉकर, म्हणजे पाठीवर सपाट ढाल असलेला ग्लव्ह, आणि रुंद काठी. तरी एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, एका सामन्यात एकेक संघ सरासरी तीनेक गोल करतोच, आणि तेही जगातल्या निवडक गोलींवर.

पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची कडक रबराची चकती. वजन १७० ग्रॅमच्या आत. बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. जोरदार फटका ताशी १६० किलोमीटरच्या घरात जातो. हल्ल्याचा भाग जिथून सुरू होतो त्या निळ्या रेषेपासून गोल ६४ फुटांवर. तिथून मारलेला पक अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. तू म्हणशील, वेगवान गोलंदाजाचा चेंडूही एवढ्याच वेळात येतो. खरं आहे. पण फलंदाजाला गोलंदाजाचा हात दिसतो, मागे पांढरा साइटस्क्रीन असतो. इथं गोलीच्या नाकासमोर दोन-तीन धिप्पाड माणसं मुद्दाम उभी राहतात, आणि त्यातला एखादा वाटेतच काठी लावून पकची दिशा बदलतो. शिवाय बरेच फटके तीस फुटांच्या आतून येतात. तिथून वेळ मिळतो सेकंदाचा पाचवा हिस्सा. डोळ्यानं बघून मेंदूनं हाताला हुकूम द्यायलाच तेवढा वेळ लागतो.

म्हणजे बघून हात हलवायचा म्हटलं तर उशीर झालेलाच असतो. लोक गोलीच्या चपळाईचं कौतुक करतात, मीही पहिली काही वर्षं तेच करायचो. आता मला वाटतं की थोर गोलीची खरी कामगिरी पक काठीवरून सुटायच्या आधीच झालेली असते. फटका बसतो त्या क्षणी तो योग्य जागी पोचून स्थिर उभा असतो. पकला जायला मोकळी जागाच उरत नाही.

हे मला पोरीच्या कोचनं दाखवलं. त्यानं दोन्ही खांबांना दोऱ्या बांधल्या आणि त्यांची टोकं पकच्या जागी एकत्र आणली. बर्फावर लांबट त्रिकोण तयार झाला. मग पोरीला त्या टोकाशी पालथं झोपवलं आणि पकच्या उंचीवरून गोलाकडे बघायला लावलं. आधी मदतनीस गोलरेषेवर उभा राहिला, तर दोन्ही बाजूंनी जाळं दिसत होतं. तो चार पावलं पुढं आला तसं जाळं त्याच्या मागे दिसेनासं झालं. तिथून उठल्यावर ती म्हणाली, "मला काय दिसतं त्याला अर्थ नाही. पकला काय दिसतं ते महत्त्वाचं." दहा वर्षांची पोरगी, मर्दा! मी बाकावर बसून ऐकत होतो.

पण पुढं येण्यातही धोका. मारणाऱ्यानं न मारता आडवा पास दिला की पुढं आलेल्या गोलीला मागे आणि बाजूला, दोन्हीकडे सरकायचं असतं. सरकताना पाय फाकतात, काखेत फट पडते, दोन पायांमधली जागा उघडी पडते. तिला इथं फाइव्ह होल म्हणतात आणि सगळे मारणारे तीच शोधत असतात. म्हणून सरकायचं आणि पुन्हा थांबायचं. कुस्तीत पवित्रा घेतलेला पैलवान आठव. हललेला पाय समोरच्याला डाव देतो. इथंही तसंच. मॉन्ट्रियलचा गोली केरी प्राइसला २०१४-१५ च्या हंगामात बघितलं तेव्हा वाटायचं, समोरचे सगळे याच्या छातीवरच का मारतात? ते कुठंही मारत होते, हा आधीच तिथं असायचा. त्या वर्षी अख्ख्या लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी त्याला मिळाली. ब्रिटिश कोलंबियातल्या अनाहिम लेक नावाच्या आडगावचा पोरगा. सरावाचं मैदान इतकं लांब की बाप त्याला छोट्या विमानातून विल्यम्स लेकला घेऊन जायचा.

आता डॉमिनिक हाशेक या गोलीबद्दल सांगायलाच हवं, कारण वरच्या सगळ्या म्हणण्याला छेद देणारा माणूस तोच. चेकोस्लोव्हाकियातल्या पार्दुबित्सेचा. अंग इतकं लवचिक की पाठीवर लोळून, पाय वर करून, काठी टाकून देऊन मोकळ्या हातानं पक दाबायचा. कोणत्याही कोचनं शिकवलं नसतं असं सगळं. २७ एप्रिल १९९४ ला बफेलोकडून न्यू जर्सीविरुद्ध खेळताना सामना चौथ्या जादा डावापर्यंत गेला, आणि त्यानं ७० फटके अडवून एकही गोल होऊ दिला नाही. बफेलोनं १-० ने जिंकलं. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये कॅनडाविरुद्ध उपांत्य सामना पेनल्टी फटक्यांवर गेला. कॅनडाचे पाच जण एकेक करून त्याच्यावर चालून आले, पाचही रिकाम्या हातानं परतले. त्या रात्री वेन ग्रेट्झकीला, कॅनडाच्या सर्वांत नावाजलेल्या खेळाडूला, फटका मारायला पाठवलंच नाही, याची हळहळ इथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून येते. मग अंतिम सामन्यात रशियावर १-०. प्रागच्या चौकात जमलेली गर्दी ओरडत होती, हाशेकला गडावर बसवा. गड म्हणजे तिथल्या राष्ट्राध्यक्षांचा किल्ला.

त्याचे जुने सामने मी पुन्हा पुन्हा बघितलेत. आधी नुसता गोंधळ दिसतो. मग डोळा सरावला की कळतं, तो लोळायला लागतो तेव्हा मारणाऱ्यानं अजून काठी उचललेलीही नसते. मारणाऱ्याकडे एकच जागा उरलीय हे हाशेकनं ओळखलेलं असतं. शरीर कुठल्याही पद्धतीचं असो, आधी ओळखणं तेच. मी माझं मत सोडलेलं नाही, पण हाशेकमुळं "स्थिर" या शब्दाचा अर्थ मला थोडा सैल करावा लागला.

एवढं झालं जागेचं. उरलेलं जे आहे ते मनाचं, आणि ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ग्लेन हॉल हा गोली १९५५ ते १९६२ लागोपाठ ५०२ सामने खेळला. तोंडावर मुखवटा नाही. आणि जवळजवळ प्रत्येक सामन्याआधी त्याला उलटी व्हायची. भीती गेली म्हणून तो उभा राहत नव्हता, भीतीसकट राहत होता. मुखवटा रूढ केला मॉन्ट्रियलचा गोली जाक प्लांतनं. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये समोरच्या संघातल्या अँडी बाथगेटचा फटका त्याच्या चेहऱ्यावर बसला. तेव्हा संघाबरोबर दुसरा गोली नसायचा. टाके घालेपर्यंत सामना थांबला. मुखवट्यानं नजर अडते, असं त्याच्या कोचचं मत होतं, आणि मुखवटा घालणारा भित्रा असा त्या काळचा समज. प्लांत अडून बसला: मुखवट्याशिवाय परत उतरणार नाही. सरावात वापरायचा तो फायबरग्लासचा मुखवटा घालून उतरला, मॉन्ट्रियलनं ३-१ ने जिंकलं, आणि पुढं बरेच सामने संघ हरलाच नाही. माझ्या पोरीच्या तोंडावर आज जी जाळी आहे ती त्या हट्टातून आली. तिला मास्क चढवताना दर वेळी मला हे आठवतं.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो मॉन्ट्रियलचाच गोली केन ड्रायडन. सप्टेंबर २०२५ मध्ये तो गेला. त्या दिवशी मी कामात लक्ष घालू शकलो नाही. १९७१ मध्ये मॉन्ट्रियलनं त्याला हंगामाच्या शेवटी जेमतेम सहा सामने खेळवलं आणि थेट बाद फेरीत गतविजेत्या बोस्टनपुढं उभं केलं. त्या काळचा थोर खेळाडू बॉबी ऑर याचं बोस्टन! सात सामन्यांत ते हरले, मॉन्ट्रियलनं स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, घेतला, आणि बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ड्रायडन ठरला. नवोदितांचं बक्षीस त्याला पुढच्या वर्षी मिळालं, कारण नियमानं तो अजून नवखाच होता. मध्ये १९७३-७४ चा अख्खा हंगाम सोडून तो टोरोंटोत वकिलीची उमेदवारी करत बसला. एकूण आठ हंगाम, सहा कप. लीगच्या ३९७ सामन्यांत हरले फक्त ५७.

लोक म्हणतात, त्याच्यापुढं संघच एवढा भक्कम होता. असेल. पण तुला विचारतो: भक्कम संघाचा गोली होणं सोपं असतं का? तूच सांगायचास, चाळीस मिनिटं चेंडू येत नाही, पाय गार पडतात, आणि मग एक येतो आणि तोच आत जातो. ड्रायडनपुढं दहा-दहा मिनिटं पक यायचा नाही. खेळ दुसऱ्या टोकाला असताना तो काठी उभी धरायचा, तिच्यावर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. शेताच्या बांधावर टेकलेल्या माणसासारखा. तो फोटो पोरीच्या खोलीत लावलाय. तो विसावलेला दिसतो, पण नजर बघ, पकवरून हललेली नाही.

आकड्यांत सांगायचं तर शंभरातले ९० अडवणारा गोली साधारण आणि ९२ अडवणारा थोर. साठ सामने, दर सामन्यात तीस फटके धरले तर वर्षाला ३६ गोलांचा फरक पडतो. शंभरामागे दोनच फटके! एवढ्यासाठी माणसं आयुष्य घालवतात.

आणि गोल झाल्यावर काय? मागे लाल दिवा पेटतो, भोंगा वाजतो, अठरा-वीस हजार लोक ओरडतात, आणि हा तिथंच उभा. २२ फेब्रुवारी २०२० ची रात्र मला आठवते. इथं टोरोंटोत कॅरोलायनाचे दोन्ही गोली जखमी झाले. अशा वेळी तेव्हा मैदानावर हजर असलेल्या राखीव गोलीला उतरवायचे. तो होता डेव्हिड एअर्स, वय ४२, बर्फ साफ करणारं यंत्र चालवणारा, आईनं दिलेल्या मूत्रपिंडावर जगणारा माणूस. त्याच्यावर आलेले पहिले दोन्ही फटके गोल झाले. मी टीव्हीसमोर हात जोडून बसलो होतो. त्यानंतरचे आठही त्यानं अडवले आणि कॅरोलायना ६-३ ने जिंकली. तो थोर गोली नव्हे, हे त्यालाही माहीत असणार. पण दुसऱ्या गोलनंतर तिसऱ्या फटक्याला तो जसा उभा राहिला, ते थोरांचंच काम.

आता पोरीचं सांगतो, म्हणजे मी हे सगळं का लिहिलं ते कळेल. गेल्या रविवारी सकाळी सातचा सामना. बाहेर उणे चौदा. पहिल्याच मिनिटाला लांबून आलेला पक दोन पायांमधून गेला. एकूण सहा गोल झाले. माझ्या पुढच्या रांगेत एकजण मोठ्यानं काहीतरी बोलला, ते लिहीत नाही. मी फक्त तिच्याकडे बघत होतो. दर गोलनंतर तिनं जाळ्यावर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी प्यायलं, कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारली, परत येऊन काठीनं डावा खांब ठोकला, उजवा ठोकला. असं ठोकलं की मागे न बघता गोल कुठंय ते कळतं. मग पवित्रा घेतला. सहाव्या गोलनंतरही अगदी तस्संच.

गाडीत वीस मिनिटं गप्प होती. मी तोंड उघडलं नाही. मग म्हणाली, "तिसऱ्या गोलाला मी उजव्या खांबाशी उशिरा पोचले. बाकीचे गेले ते गेले, पण तो माझा होता."

आणि मला आपली ती फायनल आठवली. पावसानं चिखल झालेला, शेवटची पाच मिनिटं, आणि सरळ हातात आलेला चेंडू निसटला. रात्रभर पेठेत लोक काय काय बोलत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दूध आणायला निघालो, तर तू तालमीच्या भिंतीवर ओला चेंडू मारत होतास आणि झेलत होतास. एकटा. मी हाक न मारता पुढं गेलो. त्या रात्री तू झोपलास का, आणि पहाटे उठून आलास ते कसं, हे मी आजवर तुला विचारलं नाही. मी कधी गोलात उभा राहिलेलो नाही. पोरीनं विचारलं तर माझ्याकडे सांगायला काही नाही.

शनिवारी तिचा पुढचा सामना आहे. रविवारी तुझ्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या सकाळी, फोन कर. किती गोल झाले ते विचारू नकोस. त्या पहाटेचं तिला सांग.

वहिनींना नमस्कार. आईंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझाच