स्टोअरमधल्या काकांना जाहीर पत्र

प्रिय काका,

सादर नमस्कार.

तुमचे समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, चहा टाकायला सांगता, नाहीतर "ते राहू दे, हल्ली काय वाचतेयस ते सांग" म्हणून उलट मलाच बोलतं करता. म्हणून हे जाहीर पत्र. तुमची लेक ते तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तसं तिनं कबूल केलंय. शेवटपर्यंत ऐका.

जाहीर लिहिण्याचं दुसरंही एक कारण आहे. पुण्यात वाचनाचा विषय निघाला की १८४८ सालच्या पुणे नगर वाचन मंदिराचं नाव निघतं, १९११ च्या पुणे मराठी ग्रंथालयाचं निघतं, अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांचं निघतं. निघायलाच हवं. पण भोसरीच्या एमआयडीसीत, बेअरिंग आणि ऑइल सीलच्या रॅकमागं बसून एका स्टोअरकीपरनं आयुष्यभर लोकांना पुस्तकं वाचायला दिली, याची कुठं नोंद नाही. ती व्हावी असं मला फार वाटतं.

फलटणहून मी आले ती बी.कॉम.ची पदवी आणि पिशवीभर कादंबऱ्या घेऊन. परचेसमध्ये नोकरी लागली. दिवसभर पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी काढायच्या, सप्लायरच्या मागं लागायचं, चलनावरचा आकडा जीआरएनशी, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीशी जुळत नाही म्हणून स्टोअरला खेपा घालायच्या. रात्री खोलीवर पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर डोळे मिटायचे. वाचणारी मुलगी कॉलेजातच राहिली, इथं आलीय ती नुसती पगार घेणारी, असं तेव्हा वाटायचं. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. तुम्ही मात्र ओळखलंत. मार्च एंडचं स्टॉक टेकिंग चाललं होतं. मोजणी थांबली होती म्हणून मी बेअरिंगच्या खोक्यात कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा उलगडून, गुडघ्यावर सरळ करून वाचत बसले होते. रविवारची पुरवणी होती, लेख अर्ध्यावर तुटलेला. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "उरलेलं पान शेजारच्या खोक्यात असेल, थांब." आणि खरंच दोन खोकी उघडून ते पान शोधून दिलंत. सगळं स्टोअर मोजणीसाठी खोळंबलेलं असताना!

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये तुम्ही खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक माझ्या हातात ठेवलंत. आत एक जुनं बिन कार्ड, रॅकवरच्या मालाचा हिशेब ठेवायचं. पुढच्या बाजूला आवक, जावक, शिल्लक असे रकाने, कुठल्याशा बोल्टचा हिशेब. मागच्या कोऱ्या बाजूला तुमच्या तिरप्या अक्षरात पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, साल आणि खाली एकच प्रश्न: यातला माणूस पोट कशावर भरतो?

पुढं जितकी पुस्तकं तुम्ही दिलीत, त्या प्रत्येकात असं कार्ड होतं आणि एक वेळ सोडली तर प्रत्येक कार्डावर हाच प्रश्न होता. "छान आहे", "जरूर वाच" असलं काही तुम्ही कधीच लिहिलं नाहीत. सुरुवातीला मला हा प्रश्न गोष्टीच्या बाहेरचा वाटायचा. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की आपल्याकडच्या कितीतरी कथांमधला नायक संध्याकाळी घरी येतो, शर्ट खुंटीला अडकवतो आणि तिथून कथा सुरू होते. दिवसभर तो कुठं होता, कुणाचं ऐकून घेऊन आला, हात कशानं काळे झाले, याचा पत्ताच नसतो. सिनेमांतही तेच. ज्या लेखकांनी ते आठ तास गोष्टीत आणले, ते तुम्ही मला एकेक करून दाखवलेत. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले, स्वतः गिरणीत राबलेले, पुढं शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झालेले नारायण सुर्वे. हमालांमध्ये आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतल्या बायांमध्ये जाऊन बसणारे आपल्या पुण्याचे अनिल अवचट. अवचटांचं वाचून झालं, तेव्हा तुम्ही मला मुद्दाम कष्टाची भाकर केंद्रात जेवायला नेलंत. हमाल पंचायतीनं १९७४ साली सुरू केलेलं हे केंद्र मला ऐकूनसुद्धा माहीत नव्हतं. झुणका-भाकरी खाता खाता तुम्ही आजूबाजूच्या माणसांकडे बघायला सांगितलंत आणि पुस्तकाबद्दल अवाक्षर काढलं नाहीत.

बसमधली दिवाळी अंकांची भिशी हीही तुमचीच कल्पना. प्रत्येकानं एक अंक विकत घ्यायचा आणि आठवड्यानं पुढच्या सीटवर द्यायचा. पहिला मराठी दिवाळी अंक १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'नं काढला, हे मला त्या बसमध्ये कळलं. टूलरूमचे लोक, कँटीनच्या मावशी, डिस्पॅचची पोरं, सगळी त्यात होती. मावशी तर आधी भविष्य वाचायच्या आणि मग कथा. नाशिक फाट्याच्या सिग्नलला बस अडकली तरी कुणाला घाई नसायची.

पण ज्या एका गोष्टीसाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे, ती आता लिहिते.

माझे वडील, आबा, शिंपी होते, तुम्हाला माहीत आहे. ते पावसाळ्यात गेले, अचानक. तेरावा करून मी कामावर आले तेव्हा सगळ्यांनी चांगल्या मनानं समजूत काढली. तुम्ही काही बोलला नाहीत. संध्याकाळी बसमध्ये बसताना एका कथेची झेरॉक्स हातात दिलीत, दि. बा. मोकाशींच्या 'आता आमोद सुनांसि आले'ची. कार्डावर या वेळी प्रश्न नव्हता. एवढंच लिहिलं होतं: "मोकाशी पुण्यात रेडिओ दुरुस्तीचं काम करायचे. सावकाश वाच."

रामजी लोहाराचा तरुण मुलगा पाण्यात बुडून गेलाय. रामजी वारकरी, पोथी ऐकणारा, पण कुठलीच ओवी त्याच्या दुःखापर्यंत पोचत नाही. लोक समजावतात, ते त्याला ऐकूच येत नाही. अशात पावसाच्या रात्री एक गाय विताना अडते आणि ती सोडवायचं कसब त्याच्या हातांत आहे. तो जातो. लिहायला गेलं तर गोष्ट एवढीच. पण तो गाईजवळ जातो तिथून पुढची पानं मी बसमध्ये वाचली आणि माझा स्टॉप कधी मागं पडला ते मला कळलं नाही.

त्या शनिवारी मी फलटणला गेले. दुकान तेव्हापासून बंदच होतं. फळीवर गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडून होते, बहुतेक शाळेचे गणवेश. प्रत्येकाला टाचणीनं लावलेली मापाची चिठ्ठी, आबांच्या अक्षरात: छाती, कंबर, उंची आणि कोपऱ्यात मुलाचं नाव. कुठं बाही जोडायची राहिली होती, कुठं काजं. आई म्हणत होती, कापड परत करून टाकू, पैसे देऊन टाकू. मी म्हटलं, आपण पुरे करू. आईला मशीन येत होतं. लग्नानंतर आबांनीच शिकवलं होतं, मग घरच्या रगाड्यात सुटलं होतं. तिनं तेल घातलं, बॉबिन भरली आणि बसली. मी तुरपाई केली, बटणं लावली. दोन दिवस आम्ही दोघी फार थोडं बोललो, आणि जे बोललो ते दोऱ्याच्या रंगाबद्दल, शिलाई किती सोडायची याबद्दल. आबांनी खडूनं आखलेल्या रेघेवरून आईची सुई जात होती. रविवारी संध्याकाळी घरोघरी जाऊन गणवेश दिले. एका मुलानं तिथंच सदरा घालून पाहिला. नेमका बसला. आई परतताना रस्त्यात रडली. आबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली.

आईनं पुढं दुकान चालू ठेवलं. ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. तिला तुमचं नाव माहीत आहे.

कथेनं असं काही होतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. सांत्वनाचं पुस्तक तुम्हाला देता आलं असतं. तुम्ही काम करणाऱ्या माणसाची गोष्ट दिलीत, तीही स्वतः हातांनी काम करून पोट भरणाऱ्या लेखकाची. रेडिओ उघडून त्यातला नेमका बिघाड शोधणाऱ्या हातानं ती कथा लिहिलीय, हे मला तिच्या वाक्यावाक्यात दिसतं. मोकाशींबद्दल आपल्याकडे जितकं बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही, असं तुमचं म्हणणं आहे आणि माझंही.

२०२१ च्या मे महिन्यात याच कथेवरचा 'दिठी' हा सिनेमा सोनी लिव्हवर आला तेव्हा मी पहिला फोन तुम्हाला केला. त्याच्या दिग्दर्शिका सुमित्रा भावे आदल्याच महिन्यात गेल्या होत्या. टाळेबंदीत तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या घरी तो सिनेमा पाहिला आणि मग कितीतरी वेळ फोनवर बोलत बसलो. किशोर कदमांचा रामजी गाईजवळ येतो, त्या प्रसंगात तुम्ही फक्त त्यांच्या हातांकडे बघत होता, असं म्हणालात. भावेबाई समाजकार्याच्या अभ्यासातून सिनेमाकडे आल्या, 'बाई' या लघुपटापासून त्यांनी आधी माणसं ऐकली आणि मग कॅमेरा लावला, हे तुमचं वाक्य मी लिहून ठेवलंय.

सिनेमा बघायलाही तुम्हीच शिकवलंत. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हला तुम्ही आम्हा बसवाल्यांना पहिल्यांदा घेऊन गेलात, तेव्हा पडद्यापेक्षा तुम्हाला तिथल्या साठवणुकीचं कौतुक जास्त. १९६४ साली सुरू झालेली ही संस्था पी. के. नायर यांनी कशी उभी केली, फाळक्यांच्या मूकपटांची रिळं मिळवायला किती खटपट केली, नायट्रेट फिल्म किती पटकन पेट घेते, तिला थंडावा का लागतो, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. "हा आपल्या खात्याचा माणूस," असं तुम्ही नायरांबद्दल म्हणालात. डबा नेमका कुठल्या फळीवर आहे हे माहीत असणं आणि आतला सिनेमा माहीत असणं, ही दोन्ही कामं एकाच माणसानं केली म्हणून आज आपण ते बघू शकतो, हे मला तुमच्याइतक्या साध्या शब्दांत कुणी समजावलं नव्हतं. त्याच रस्त्यावर प्रभातचा स्टुडिओ. १९३३ मध्ये कंपनी कोल्हापूरहून इथं आली, आणि १९६० पासून तिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे. प्रभातचा १९३९ चा 'माणूस' पाहून निघाल्यावर आम्ही सगळे त्यातल्या नायिकेबद्दल, मैनेबद्दल बोलत होतो आणि तुम्ही म्हणालात, तो गणपत पोलीस आहे हे विसरू नका, धाडीच्या रात्री त्यानं मैनेला वाचवलं ते अंगात वर्दी असताना. मग आम्हाला सगळा सिनेमा पुन्हा मनातल्या मनात पाहावा लागला.

आता इकडची खबर. बिन कार्डं गेली, सगळं सिस्टिमवर आलं. तुमच्या जागेवर बसणारा मुलगा बार्शीकडचा आहे, डिप्लोमावाला, अबोल. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर सिनेमे बघतो, पण मन लावून बघतो, म्हणून मी त्याला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी दिली. आत कार्ड घातलं. माझ्याकडे तुमची कोरी कार्डं थोडी शिल्लक आहेत. प्रश्नही तुमचाच लिहिला. त्यानं आठवड्यानं पुस्तक परत केलं आणि मला म्हणाला, "मॅडम, मास्तर पगार शाळेचा घेतो. मग तालीम बांधायच्या मागं का लागतो? ते त्याच्या कामात नाही." मी म्हटलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "विचार करतोय." अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये त्यावर सिनेमा केलाय हे सांगितलं, तर तो आधी नको म्हणाला, माझ्या डोळ्यासमोरचा कारभारी बदलेल म्हणून.

त्याला पुढं काय देऊ? माझ्या मनात सुर्वे आहेत, पण कविता म्हटली की तो मागं सरतो. अवचट आत्ताच द्यावेत की थोडं थांबावं? मोकाशी मी राखून ठेवलेत. येत्या रविवारी दुपारी येते, तेव्हा तुमचं मत सांगा. काकूंना सांगा, स्वयंपाकाचा घाट घालू नका, आईनं फलटणहून शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ पाठवलंय, भाकरी मी करीन. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला बारीक टाइप त्रास देतो, असं तुमची लेक म्हणाली. मी जोरात वाचून दाखवीन. काय वाचायचं ते तुम्ही ठरवून ठेवा.

काका, तुमचे मनापासून आभार. माझे, माझ्या आईचे आणि त्या बसमधल्या सगळ्यांचे.

तुमची,
परचेसमधली