अकराच महिने का?

संपादक महोदय,

भाड्याच्या घरांतील अस्थिरतेवरचा आपल्या अंकातील लेख वाचला. ‘अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही’ हे त्यातील विधान मात्र दुरुस्त करावे. सांगलीत विश्रामबागपासून गावभागापर्यंत हाच समज आहे आणि त्यात भाडेकरूच भरडला जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999च्या कलम 55नुसार मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) करार लेखी व नोंदणीकृत हवाच. ती जबाबदारी घरमालकाची. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग अकराचा अट्टहास कशासाठी? साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्काच आहे. मुलांची शाळा असलेल्या कुटुंबाने तीन वर्षांची मुदत मागावी. मालकाने मध्येच घर रिकामे करून मागू नये, ही अटही करारात लिहून घ्यावी.

मुदत संपल्यावर मात्र कलम 24 कडक आहे: राहिल्यास दुप्पट भाडे. सक्षम प्राधिकाऱ्याचे (घर रिकामे करून घेण्याचे अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे) समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागितली नाही, तर बाजू न ऐकताच ताबा जातो. अनेकजण ते समन्स टेबलावरच ठेवून देतात.

– एक वाचक, सांगली