वही लिहितेस ना?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी ताटावरून उठून बेलापूरला निघून गेलीस. फोनवर पुन्हा शब्दाला शब्द लागेल, म्हणून लिहितोय.

सुप्रीम कोर्टाच्या २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला ३ वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली, याचा तुला राग आहे. पण सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, पक्की करणाऱ्या बारच्या परीक्षेआधीचे महिने वाया गेले नाहीत. मुदत तात्पुरत्या सनदेपासूनच मोजायची आहे. वकिली केल्याचा दाखला मात्र कोर्टाच्या मुख्य न्यायिक अधिकाऱ्याचा हवा, नाहीतर १० वर्षं सनद झालेल्या वकिलाचा, त्यावर त्या अधिकाऱ्याची मान्यता. म्हणून विचारतो, वही लिहितेस ना? तारीख, केस नंबर, कुणातर्फे उभी राहिलीस, काय हुकूम झाला.

इंग्रजी अमलात लंडनची आयसीएस परीक्षा पास झालेला पोरगा वकिली न करताच मॅजिस्ट्रेट होई. १८९८ च्या फौजदारी संहितेत तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला महिन्याची कैद नि ५० रुपये दंडापर्यंत शिक्षा देता येई, पहिल्या वर्गाच्याला २ वर्षं नि १,००० रुपयांपर्यंत. वर कलेक्टर, तोच जिल्हा मॅजिस्ट्रेट. १८६१ च्या कायद्याने हायकोर्टातही किमान एक तृतीयांश जागा सिव्हिलियनांच्या, म्हणजे याच सनदी अधिकाऱ्यांच्या, आणि न्यायाधीश राणीची मर्जी असेतोवर. आपले रानडे १८७१ साली पुण्यात सबॉर्डिनेट जज झाले, हायकोर्टात पोचले १८९३ साली. बावीस वर्षं, मनू! तुला तीन जड जातात?

हे बोलायला नको होतं. अण्णा गेल्यापासून मी फार बोलतो, आई म्हणते ते खरं आहे.

भीती एवढीच की नुसत्या तारखा मागण्यात ही वर्षं भरतील. साक्षीदार म्हणतो, "मला नीट आठवत नाही." स्टेनोच्या कागदावर उतरतं, "मला आठवत नाही." तो 'नीट' गळला की साक्षच फिरते. साक्ष चालू असताना कागदाकडे कान ठेव, शब्द गळला तर सरांना तिथल्या तिथे सांग. उद्या खुर्चीत बसशील तेव्हा तो 'नीट' तुलाच लिहून घ्यायचा आहे.

तू पाचवीत असताना कोर्ट नाक्यावर भर पावसात अण्णांची फाईल फ्रॉकखाली धरून आली होतीस. तू चिंब, कागद कोरडे. परवापासून तेच डोळ्यांपुढे येतंय.

शनिवारी ये, आई घावन करणार आहे. वही आण. मी उघडणार नाही, लिहिलेली आहे एवढं सांग.

तुझा,
बाबा