तेच डाव पुन्हा मोजू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

बुद्धिबळ इंजिनांची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रामांची, तुलना छापताना नुसता ‘१००० डाव’ हा आकडा पुरेसा नाही. एकाच थ्रेडवर (एका वेळी एकाच गणनाप्रवाहात), ठरावीक खोलीपर्यंत (ठरावीक चाली पुढचा) विचार करणारी दोन इंजिने नेहमीच्या मांडणीतून खेळवली, की तोच डाव पुन्हा पुन्हा निघतो. १००० डावांना साधारण अधिक-उणे २० एलोची (एलो म्हणजे खेळाची ताकद दाखवणारे गुण) त्रुटी धरतात, ती डाव वेगवेगळे असतील तरच. म्हणून इंजिनांची स्वतःची ओपनिंग बुके (सुरुवातीच्या तयार चालींचे संग्रह) बंद करून बाहेरच्या एका मोठ्या बुकातून सुरुवाती द्याव्यात आणि प्रत्येक सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवावी. ५० सुरुवातींचे बुक १००० डावांना अपुरेच. अगदी समतोल सुरुवातीही टाळाव्यात. बलाढ्य इंजिने त्यांतून बरोबरीच करत राहतात. पांढऱ्याकडे थोड्या झुकलेल्या सुरुवातींतून फरक लवकर उघड होतो. निकालासोबत बुकाचे नाव छापलेच पाहिजे.

– एक बुद्धिबळप्रेमी वाचक