थ्री माइल लगूनची वाट

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही इथे आलात की ज्या थ्री माइल लगूनला जायचंय, त्याबद्दल परवा फोनवर बाबांनी विचारलं, "चालायला किती आहे?" आणि मी "थोडंच" म्हणून वेळ मारून नेली. मग मनाला लागून राहिलं, म्हणून शनिवारी ओकारितोला, न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या छोट्या गावात, एकटीच जाऊन अख्खी वाट पायाखालून घातली.

तीन तास तरी धरा. सुरुवातीचा चढ बाबांच्या गुडघ्याला जाणवेल, पण तो सोडला तर त्रास नाही. मुळात ही सामान लादलेल्या घोड्यांची वाट. १८६५ला इथे सोनं सापडलं तेव्हा माणसांची झुंबड उडाली होती. आता गावात मोजकीच घरं उरलीत.

जंगल रिमू नावाच्या उंच झाडांचं. फांद्या नुकत्या न्हालेल्या केसांसारख्या खाली लोंबतात. आई, तुझ्या कुंडीतला नेचा आठवला, कारण इथला नेचा माडाएवढा होतो, खोडासकट! ओहोळाचं पाणी काळ्या चहासारखं दिसतं. घाण नाही ती, पालापाचोळ्याचा रंग उतरतो. पंख्यासारखी शेपटी नाचवत एक चिमुकला पक्षी बराच वेळ माझ्या मागे होता. मला वाटलं, लळा लागला. कसला लळा, माझ्या पावलांनी उडणारे किडे मटकावत होता!

आणि मग झाडी संपते आणि लगून दिसतं. वाळूच्या बांधाआड अडलेलं पाणी, पलीकडे समुद्राची गाज, अलीकडे चिडीचूप. काठाला एक कोटुकू उभा होता. म्हणजे आपला मोठा बगळाच हो! पण या देशात तो ओकारितोजवळ एकाच ठिकाणी घरटी करतो, म्हणून त्याचं केवढं अप्रूप, दोन डॉलरच्या नाण्यावरसुद्धा तोच आहे. क्वचित येणाऱ्या मानाच्या पाहुण्याला माओरी, म्हणजे इथले मूळचे लोक, कोटुकू म्हणतात. तो मान वाकडी करून पाण्यात बघत राहिला आणि मी त्याच्याकडे.

त्यात तास गेला. परत यायचं होतं किनाऱ्याने, पण तिथून ओहोटीच्या आसपासच जाता येतं. वेळापत्रक खिशात होतं, बघितलं मात्र भरती लागल्यावर. गुपचूप जंगलातूनच मागे फिरले. पाय अजून बोलतायत.

आई, पूर्ण बाह्यांचे कपडे आण, चिलटं फोडून काढतात. आणि बाबा, गाडीच्या तासभर आधी स्टेशनावर जाऊन बसणारे तुम्ही, तेव्हा भरती-ओहोटीचा कागद तुमच्याच खिशात राहील.

तुमची,
धाकटी